पाचूबंदरची दोन सीटची गाडी आणि माझी दोन बोटं

तारीख ९ फेब्रुवारी २००३, रविवार, सकाळचे साडेनऊ. सांगितलेली किंमत एक लाख नव्वद हजार. जागा वसईतलं पाचूबंदर, दुरुस्तीला होड्या ओढून ठेवतात त्याच्यामागचं मोकळं आवार. हजर माणसं पाच: गाडीचा मालक, त्याचे वडील, माझा मेहुणा, माझी बायको आणि मी. गाडीत बसायला जागा दोघांना.

गाडी मेहुण्याला घ्यायची होती. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा बत्तीस वर्षांचा, अंधेरीला कॉम्प्युटरच्या कामावर, विरारला फुलपाड्यात राहायचा. लग्नासाठी म्हणून साठवलेले पैसे त्याने या गाडीसाठी काढले होते. त्यावरून घरात जे बोलणं व्हायचं ते झालं होतं. गाडी पिवळी, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची आणि इतकी बसकी की आधी पाय आत घालायचे आणि मग बाकीचं शरीर सोडून द्यायचं. अशा गाड्या आपल्याकडे मोजक्याच बनल्या. पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नाही. पुढची चाकं आणि आपले हात यांच्यामध्ये दोन-तीन लोखंडी दांडे, एवढाच मामला. जुनी स्पोर्ट्स कार घेताना इंजिनाइतकंच स्टिअरिंग बघावं लागतं ते यासाठीच. तिची सगळी गंमत तिथेच असते आणि तिने खाल्लेला मारही तिथेच कळतो.

नात्यात आणि कारखान्यात कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की स्टिअरिंग बघायला मला बोलवायचे. मी काही मेकॅनिक नव्हे. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. पिन भोकात किती सैल बसते ते गेजने मोजायचं हे आमचं काम, पण गेज घालायच्या आधीच ते बोटांना कळलेलं असायचं. तीच सवय गाडीत उपयोगी पडायची. माझा असा अनुभव होता की अंगठा आणि पहिली दोन बोटं गाडीला हुकूम देतात, आणि शेवटची दोन बोटं गाडीचं ऐकतात. रस्ता खडबडीत आहे, डावं चाक खड्ड्याच्या कडेवरून गेलं, पुढच्या एका टायरमध्ये हवा कमी आहे, असल्या बातम्या करंगळीच्या बाजूनेच येतात. हे कोणी शिकवलेलं नाही. खरं असेल किंवा फक्त माझ्यापुरतं असेल.

अडचण अशी की नेमकी तीच दोन बोटं गेली होती. आदल्या जुलैत माझ्या उजव्या कोपराचं ऑपरेशन झालं. कोपर दाराला आपटला की हातभर मुंग्या येतात, ती नस आतल्या आत दाबली गेली होती. डॉक्टरांनी ती मोकळी केली, पण तोवर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. "वर्षभर थांबा," ते म्हणाले. "संवेदना येईल. किती येईल ते आज सांगता येत नाही." चहाचे कप हातातून पडायचे. एकदा गरम तव्याच्या कडेला करंगळी लागली, ते मला वासावरून कळलं. कारखान्यात मी स्वतःहून कागदाच्या कामावर बदली मागून घेतली. बोटांना कळत नसताना माल पास करणं मला पटेना.

गाडी चालवण्याचंही तेच. आमची जुनी गाडी सोसायटीच्या आवारात उभी असायची. मी रविवारी ती सुरू करायचो, आवारातच पुढेमागे करायचो आणि बंद करायचो. तिच्या स्टिअरिंगमध्ये आधीपासूनच एवढा प्ले होता, म्हणजे चाकं वळायच्या आधी स्टिअरिंग नुसतंच एवढं फिरायचं, की चांगल्या हातालाही तिच्यातून काही कळलं नसतं. तेव्हा दोष हाताचा की गाडीचा हे मला ठरवता येत नव्हतं. त्या रविवारी ते ठरवायचं असं मी आणि बायकोने आदल्या रात्री जेवताना ठरवलं होतं. एवढ्या थेट स्टिअरिंगच्या गाडीतही हाताला काही कळलं नाही, तर आमची गाडी विकून टाकायची आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. माझ्या गाडीत बाकीची माणसं बसतात. त्यांच्या जिवावर अंदाज बांधायचा नव्हता.

मेहुण्याला हे सगळं माहीत होतं. "भाऊजी, इंजिन, पेपर, सगळं मी बघितलंय," तो म्हणाला. "स्टिअरिंग तेवढं तुम्ही सांगायचं."

"अरे, माझा हात आधीसारखा नाही."

"मग अर्ध्या हाताने सांगा. माझ्या दोन्ही हातांना काही कळत नाही."

बायको म्हणाली, "कप पडला तर वीस रुपये जातात. ही कुठे पडली तर लाख नव्वद."

"ताई, गाडी पडत नाही."

"ह्यांनी ठरवलं तर पडते."

मालक चाळिशीच्या आतबाहेरचा होता. पाचूबंदरच्या मच्छीमार ख्रिस्ती घरातला. बरीच वर्षं जहाजावर नोकरी करून आलेला. कळंबला एकाचा सुट्टीपुरता बंगला होता, तिथे ही गाडी झाकून पडली होती, ती याने हौसेने घेतली आणि तीन वर्षं वापरली. आता वडिलांच्या होडीचं इंजिन गेलं होतं आणि नव्यासाठी पैसे हवे होते. हे त्याने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. नड आहे हे विकणारा सहसा सांगत नाही. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून तो तसाच आला होता, पांढऱ्या शर्टात.

वडील एका उपड्या पिंपावर बसून जाळं सांधत होते. तांडेल होते ते, होडी हाकणारे, सत्तरीचे. मी खिशातून हवा मोजायचा गेज काढला आणि चारही टायरची हवा बघायला लागलो, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"ह्यो मास्तर कोन?"

"भाऊ गाडी बगायला आलेत, बाबा."

"गाडी बगतो का ताप बगतो?"

पुढच्या दोन्ही टायरमध्ये सव्वीस पौंड हवा होती, सारखी. मग मी स्टिअरिंगवरचं कव्हर काढायला सांगितलं. आपल्याकडे गाडी घेतली की आधी तिच्या स्टिअरिंगला रेक्झिनचं जाड कव्हर चढवतात आणि दोरीने शिवून टाकतात. ते असताना काही कळत नाही. मालकाने कुरकुर न करता दोरी सोडली. एवढं पक्कं विणलेलं होतं की दहा मिनिटं गेली. ती वीण त्याने स्वतः घातली होती, जाळ्याच्या गाठींनी.

मी चालवायला बसलो, मालक शेजारी. मेहुणा आणि बायको स्कूटरवर मागे. किल्ल्याच्या कडेने निघून पारनाक्यावरून आम्ही गिरीजच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता मला आवडायचा आणि अजून आवडतो. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, मध्येच विहिरी, वळणावर क्रूस, आणि वळणं अशी की एक संपेपर्यंत दुसरं सुरू. अशा गाडीला याहून चांगली परीक्षा वसईत नव्हती.

पहिल्या वळणाला मी गाडी सावकाश घातली. दुसऱ्याला थोडी जोरात. डावा हात मांडीवर ठेवला आणि फक्त उजव्या हाताने धरून बघितलं. काहीच आलं नाही. गुळगुळीत डांबर संपून खडीचा तुकडा लागला, तो मला डोळ्यांना दिसला, सीटखाली जाणवला, हाताला नाही. शेवटची दोन बोटं म्हणजे दुसऱ्याच कोणाची तरी बोटं माझ्या हाताला लावल्यासारखी. भुईगावच्या अलीकडे मी गाडी एका चिंचेखाली थांबवली.

मालकाला वाटलं, मी खूश होऊन थांबलो. "काय भाऊ, लोनी हाय ना?"

मी म्हटलं, "हो."

मागून स्कूटर आली. बायको उतरली आणि माझ्याकडे बघून विहिरीच्या काठावर जाऊन बसली. तिला उत्तर कळलं होतं. मेहुणा मात्र गाडीभोवती फिरत होता. "भाऊजी, सांगा ना. कसं आहे?"

मी काय सांगणार? स्टिअरिंग मेलेलं आहे असं म्हटलं, तर ते खरं आहे की माझा हात मेलेला आहे, हे मलाच माहीत नव्हतं. आणि चांगलं आहे असं तर म्हणताच येत नव्हतं. मनात मी आमच्या गाडीची जाहिरातही लिहायला घेतली होती. एक मालक, कमी चालवलेली.

तेवढ्यात मालक कौतुकाने म्हणाला, "भाऊ, ह्या स्टेरिंगची एक गंमत बगा. वळवा आनि सोडून द्या. जागचं हलत नाय. पोरगं झोपल्यावानी."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"सोडलं तरी हलत नाय."

गाडीची चाकं अशी बसवलेली असतात की वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळ होऊ बघतं. बिघडलेली गाडीसुद्धा थोडंफार तेवढं करते. हे बघायला हाताची गरज नव्हती, डोळे पुरेसे होते. चिंचेच्या पलीकडे एक मोकळं मैदान होतं. तिथे मी गाडी नेली, पायी चालण्याच्या वेगाने स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि दोन्ही हात वर केले. गाडी गोल गोल फिरत राहिली. स्टिअरिंग होतं तिथेच. मी डावीकडे तसंच करून बघितलं. डावीकडेही तेच.

मेहुणा ओरडला, "भाऊजी, हात काय वर करताय? पोलीस आलेत का?"

मी गाडी थांबवून मालकाला विचारलं, "हे आधीपासून असंच होतं?"

"नाय, नाय. मी करून घेतलंय." त्याला त्याचा अभिमान होता. "आधी हे हातात नाचायचं. सोडलं की परत जायचं, खड्ड्यात टकटक वाजायचं. मग मी खाली जाऊन रॅकचा बोल्ट आवळला. चांगला दाबून आवळला. आता बगा कसं गपचीप."

रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकांना डावीकडे-उजवीकडे ढकलणारा दाते असलेला दांडा. त्याच्या पाठीवर एक स्प्रिंग आणि ती दाबणारा बोल्ट असतो. तो जास्त आवळला की दांडा जागीच धरला जातो, आणि रस्त्याची बातमी चाकांकडून वर यायची बंद होते. गाडी मुकी होते.

असं कोणी मुद्दाम का करेल, हे मला परत बंदरावर आल्यावर कळलं. मी विचारलं तेव्हा उत्तर तांडेलबाबांनी दिलं, जाळ्यातून डोळे न काढता.

"चाक सोडून जाळं वढायला लागतं, मास्तर. तवा चाक आपल्या जागी रायला पायजे. लाटंनं फिरवलं तर होडी गेली. म्हनून आमी चाक घट करून ठेवतो. ह्यानं तेच केलंन."

म्हणजे मालकाने गाडीचं स्टिअरिंग होडीसारखं केलं होतं. होडी हाकणाऱ्याला सुकाणूचं चाक जिथे ठेवलं तिथेच राहिलेलं हवं असतं. मालक लहानपणापासून तसंच चांगलं समजत आला. गाडीतलं परत येणारं, हातात कुरबुरणारं स्टिअरिंग त्याला बिघडलेलं वाटलं. फसवण्याचा विचार असता तर त्याने ते मला हौसेने दाखवलं नसतं.

माझं मन क्षणभर हलकं झालं, पण फार नाही. गाडी मुकी आहे एवढंच सिद्ध झालं होतं. माझा हात ऐकतो हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. गाडीही मुकी आणि हातही बहिरा, असंही असू शकतं. मी हे मोठ्याने म्हणालो, कारण मला तसं बोलायची सवय आहे. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही स्वतःच्या बाजूने एकदा तरी बोला हो."

मी मालकाला म्हटलं, "तो बोल्ट सैल करून बघता येईल?"

तो लगेच हो म्हणाला नाही. त्याला काय दिसत होतं ते मलाही दिसत होतं. बोल्ट सैल केला की जुनी टकटक परत येणार, आणि ती आली की किंमत उतरणार. इंजिनाचे पैसे त्यातूनच उभे करायचे होते. आणि त्याला सोपी वाटही होती. माझ्या हाताची गोष्ट सगळ्यांच्या तोंडून त्याने ऐकली होती. "भाऊ, गाडी बरी हाय, तुमचा हातच तसा हाय," एवढं तो म्हणाला असता तर मी वाद घातला नसता. मी मान हलवून घरी गेलो असतो. मेहुण्याने गाडी तशीच घेतली असती, आणि मी माझी विकली असती.

तो वडिलांकडे बघत उभा राहिला.

"खोल रे," म्हातारा म्हणाला. "मास्तराचा हात बरा हाय का नाय, त्याला कळू दे. इंजिन काय आज पळून नाय जात."

मालकाने पांढरा शर्ट काढून पिंपावर टाकला. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांना टेकू द्यायचे जाड लाकडी ठोकळे होते. ते मागच्या चाकांच्या मागे-पुढे लावून, जॅकवर गाडी पुढून उचलून, खाली आणखी दोन ठोकळे सरकवून तो खाली गेला. होडीचाच पाना घेऊन गेला. खालून आवाज आला, "किती सैल करू?"

मी म्हटलं, "आधी अगदी थोडा. मग बघू."

पहिल्यांदा कमी झालं, दुसऱ्यांदा जास्त. तिसऱ्यांदा मी आवारातच फिरवून हात सोडले आणि स्टिअरिंग माझ्या डोळ्यांसमोर सावकाश सरळ झालं. आवारातल्या उंचवट्यावर टकटक ऐकू आली. मालकाने ती ऐकली आणि पाना पुसून ठेवला.

यानंतरची तपासणी मी कारखान्यात करतात तशी केली. तपासणाऱ्याला उत्तर आधी माहीत नसावं, हा आमचा नियम. मी समुद्राकडे तोंड करून उभा राहायचो. मेहुण्याने पुढच्या डाव्या किंवा उजव्या टायरची थोडी हवा काढायची, किंवा काढायचीच नाही. मग मी किल्ल्यापर्यंत सरळ जाऊन यायचं, डावा हात मांडीवर, उजव्या हाताची शेवटची दोन बोटं फक्त स्टिअरिंगवर अडकवून, आणि कुठली हवा कमी आहे ते सांगायचं. माझ्याशेजारी बायको बसणार. हे तिनेच ठरवलं. "मी बसते," ती म्हणाली. "दोघांनी मिळून ठरवलंय ना."

"वयनी, पदर आत घ्या," मालक म्हणाला. "ह्या गाडीत चाक लई जवळ हाय."

पहिली फेरी. मंद वेग, सरळ रस्ता. शंभर पावलं गेल्यावर मला स्टिअरिंग डावीकडे किंचित ओढ घेतंय असं वाटलं. ओढ तळहाताला कळत होती की खांद्याला, ते मला सांगता येईना. परत येऊन मी म्हटलं, "डावं."

मेहुण्याने टाळी वाजवली. "बरोबर!"

"आठ पौंड काढलेस का?"

"दहा."

तांडेलबाबा म्हणाले, "हवा काडायची, हवा भरायची. मास्तरानं रविवार कामाला लावला." पण पायाने मारायचा पंप त्यांनीच पुढे सरकवला.

दुसऱ्या फेरीत मी चुकलो. उजवं म्हणालो आणि त्याने काहीच काढलेलं नव्हतं. मेहुण्याचं तोंड उतरलं. "जाऊ दे, ही धरायची नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, धरायची. बायको म्हणाली, "धरा, पण आणखी एकदा जाऊ या." तिने मला आणखी एकदा जायला सांगितलं, त्या शब्दासाठी मी तिचा कायमचा ऋणी आहे. माझ्या हिशेबाने दोनपैकी एक म्हणजे बाद.

तिसऱ्या फेरीत मला काही ओढ जाणवेना. मी तसंच पुढे गेलो. किल्ल्याच्या थोडं पलीकडे, आधीच्या फेऱ्यांत गेलो नव्हतो तिथे, रस्त्याचा एक तुकडा उखडून नुकता खडीने भरलेला होता. त्यावरून गेलो तेव्हा करंगळीच्या बाजूने काहीतरी आलं. मुंग्याही नव्हेत आणि दुखणंही नव्हे. जाड कापडाच्या पलीकडून कोणी नखाने खाजवावं तसं. खडी संपली आणि ते थांबलं. मी गाडी वळवून परत त्याच तुकड्यावरून नेली. पुन्हा आलं आणि पुन्हा थांबलं. हे खांद्याला कळण्यासारखं नव्हतं, ते फार बारीक होतं. तिसऱ्यांदा नेली.

बायको म्हणाली, "अहो, इथेच किती फिरायचं? लोक बघतायत."

"येतंय," मी म्हटलं.

"काय येतंय?"

"रस्ता."

तिने माझ्या मांडीवरच्या डाव्या हातावर हात ठेवला आणि समोर बघत बसली. बाजूने मासे घेऊन जाणाऱ्या दोघी बाया थांबून आमच्याकडे बघून हसल्या. उघड्या पिवळ्या गाडीत पन्नाशीचं जोडपं खडीवरून मागे-पुढे करतंय, हे हसण्यासारखंच होतं.

परत येऊन मी म्हटलं, "हवा काढलेली नाही."

"बरोबर," मेहुणा म्हणाला. पण आता मला त्या उत्तराची गरज राहिली नव्हती.

मी निकाल असा दिला: तीनपैकी दोन बरोबर, खडीचा तुकडा तिन्ही वेळा कळला. हात पास नाही आणि बादही नाही. पुन्हा तपासावा. आमची गाडी विकायची नाही. सहा महिने मी आवारात आणि मोकळ्या रस्त्यावर एकट्याने चालवायची, आणि बायकोला पटेल तेव्हा तिला घेऊन. बायको म्हणाली, तिला आत्ताच पटलंय. मी म्हटलं, सहा महिने. शेवटी पाच झाले. आज करंगळीचं टोक अजून बधिरच आहे, कप क्वचित सुटतो, पण मी गाडी चालवतो आणि खडी लागली की मला कळतं.

गाडीचंही सांगून टाकतो. टकटक रॅकच्या बाजूच्या बुशची, म्हणजे दांडा ज्यात सरकतो त्या कड्याची होती, तो झिजला होता. मोठं काही नव्हतं, पण काम होतं. मी मेहुण्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हटलं, दुरुस्तीनंतर हे स्टिअरिंग तुला आयुष्यभर आवडेल. तो घासाघीस करायला तोंड उघडणार एवढ्यात मालकच म्हणाला, "एक पंच्याहत्तर द्या. टकटक माजी हाय." त्याला एक ऐंशीही मिळाले असते. मेहुणा एक ऐंशीपर्यंत जाणार होता हे मला माहीत होतं आणि मी काही बोललो नाही. ते माझं काम नव्हतं. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, मग मालकाकडे, आणि म्हणाला, "एक अठ्ठ्याहत्तर. बुश मी बदलून घेतो."

म्हातारा हसला. "हा गिऱ्हाईक उलटा बोलतो."

"तुमच्या घरात सगळे उलटंच बोलतात, बाबा. सवय लागली."

"दोनच मानसं बसतात तिच्यात. लगीन झाल्यावर सासूला कुटं बसवशील?"

"म्हणूनच तर घेतोय," मेहुणा म्हणाला, आणि बायकोने त्याच्या पाठीत चापट मारली.

आवाराला लागूनच मालकाचं घर होतं, तिथल्या विहिरीवर त्याने हातपाय धुतले आणि तो आत गेला. आम्हाला पाव आणि तळलेले बोंबील आले. मी हाताने खाल्लं, उजव्याच. मासा गरम होता हे करंगळीला नाही, पण शेजारच्या बोटाला थोडं कळलं. मी ते कोणाला सांगितलं नाही. एका दिवसासाठी एवढं बोलणं पुरे झालं होतं.

त्या माणसाला मी पुढे दोन-तीनदा बाजारात भेटलो. आम्ही होडीचं इंजिन, पाऊस, माशाचा भाव असंच बोललो. त्या दिवशी त्याने बोल्ट सैल केला नसता तर काय झालं असतं हे मी त्याला सांगायला हवं होतं. तो म्हणाला असता, "त्यात काय, भाऊ?" मला ते माहीत होतं, म्हणून राहून गेलं. इथे सांगतो.

पैसे पुढच्या शनिवारी दिले. वसईच्या गॅरेजमध्ये बुश आणि चाकांची अलाइनमेंट मिळून बावीसशे रुपये झाले. ते मी दिले, कारण रॅक माझ्या तपासणीसाठी खोलला होता. मेहुण्याने हरकत घेतली, मी ऐकलं नाही. रविवारच्या कष्टाचं काय द्यायचं असं मालकाला विचारलं तर त्याने कानावर हात ठेवले. गाडीचे एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार मेहुण्याने त्याच्या पुढ्यात ठेवले, तेव्हा तो म्हणाला, "मला नको, बाबाला द्या. इंजिन त्याचं हाय." मग ती सगळी रक्कम त्याच आवारात, पिंपावर बसलेल्या तांडेलबाबांच्या हातात दिली.